सुतकात आलेलं गाणं

आमचं गाणं शुक्रवारी बाहेर आलं. आई त्याच आठवड्यात मंगळवारी गेली.

ते गाणं पुढे खूप चाललं, म्हणून लोक अजून विचारतात, तेव्हा कसं वाटलं? लग्नात भेटलेले लांबचे नातेवाईक विचारतात, एकदा एका रेडिओवाल्यानेही विचारलं. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेते. त्या दिवसांतलं मला जे आठवतं त्यात गाणं फार थोडं आहे. शेजारून आणलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आठवतात. अंगणात वाळत घातलेली सुपारी कुणी आत घेतली नाही आणि ती दवाने ओली झाली, ते आठवतं. वाटण्याचं म्हणाल, तर काहीच वाटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं की गाल आपलाच असतो, पण चिमटा काढला तरी कळत नाही. माझं सगळंच तसं झालं होतं आणि ते बरेच महिने उतरलं नाही.

मी पनवेलला एका कंटेनर वाहतुकीच्या ऑफिसात काम करते. तेव्हाही करत होते. शनिवार-रविवार बँड. आमच्या ड्रमरच्या घरचा पेणला गणपतीचा कारखाना आहे आणि गणपती झाल्यावर काही महिने तिथे एक शेड मोकळी असते. तिथे आम्ही चौघं वाजवायचो. भिंतीला लागून न रंगवलेल्या पांढऱ्या मूर्ती असायच्या. ड्रमरने जोर केला की त्यांच्यावरची धूळ खाली यायची आणि त्याचे वडील दारातून ओरडायचे, "हळू रे, गणपतीचे कान पडतील!" बाहेर कुणाला आमचा बँड आहे म्हणून सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "मग हळदीला येता काय?" अल्टरनेटिव्ह रॉक म्हणजे काय ते समजावण्याच्या भानगडीत आम्ही पडत नसू. येत नाही, एवढंच सांगायचो.

गाणं मी लिहिलं होतं. आमचं घर दिवेआगरला. घरामागे नारळ-पोफळीची वाडी, आणि पुढच्या दोन खोल्यांत आई पाहुणे ठेवायची. त्या मोठ्या वादळात वाडी जवळजवळ सगळी आडवी झाली. मी तेव्हा पनवेलला अडकले होते आणि घरचा फोन कित्येक दिवस लागत नव्हता. मग कधीतरी आईने शेजारच्या गावात जाऊन कुणाच्या तरी फोनवरून मला फोन केला. लाइन इतकी खराब होती की मला तिचं एक वाक्य धड कळेना. मी तिला एवढंच म्हणत राहिले, "आवाज येत नाहीये गं, पण तू बोलत राहा." ती बोलत राहिली. कोणती झाडं पडली, कौलं किती उडाली, हे ती सांगत असावी. मला फक्त ती आहे एवढं कळत होतं.

त्यातूनच पुढे धृपद आलं. "आवाज येत नाही, तू बोलत राहा." एवढंच, चार वेळा. मागे गिटार चढत जाते आणि मी शेवटी जवळजवळ ओरडते.

कच्चं रेकॉर्डिंग मी आईला ऐकवलं होतं. ती मोदकासाठी नारळ खवत होती. विळीवरून न उठता तिने पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "चांगलं आहे, पण तू अशी ओरडतेस का? शब्द कळत नाहीत."

"तुझ्यावरच आहे ते," मी म्हटलं.

"मग तर नीट म्हण."

गाण्याच्या शेवटी तिचा आवाज टाकायचा अशी माझी कल्पना होती. एकदा तिचा फोन आला तेव्हा मी तो रेकॉर्ड केला. "हॅलो? हॅलो? येतोय का आवाज? थांब, मी विहिरीकडे येते. हां, आता? आता येतोय?" एवढंच होतं त्यात. नंतर मी तिला ते सांगितलं तेव्हा तिला हसू आलं. "माझ्या आवाजाचं काय लोणचं घालायचंय?" म्हणाली. पण नको म्हणाली नाही. ड्रमरने तो तुकडा गिटार थांबते तिथे बसवला. मुंबईतल्या एका कंपनीला गाणं आवडलं, त्यांनी शुक्रवार ठरवला. शेवटच्या मिक्सची जबाबदारी ड्रमरकडे होती. मी तो अजून ऐकला नव्हता.

मंगळवारी सकाळी ऑफिसात शेजारच्या काकांचा फोन आला. त्यांची वाडी आमच्या वाडीला लागून. ते म्हणाले, "पोरी, निघ. आईला बरं नाय."

"काय झालं?"

"तू निघ गो. माणगावला नेतोय तिला."

मी निघाले. एसटी मिळाली. बाबा फोन उचलत नव्हते. कोलाडच्या आसपास गाडी खोळंबली होती तेव्हा पुन्हा काकांचा फोन आला. या वेळी त्यांचा आवाज वेगळाच होता, फार सावकाश. म्हणाले, "माणगावला उतरू नको. घरीच ये."

बास, एवढंच. गेली असं कुणी म्हटलं नाही. मी बरं म्हटलं आणि फोन पर्समध्ये ठेवला. शेजारी बसलेल्या बाईने काकडी कापली होती. तिने मीठ-तिखट लावून एक फोड माझ्यासमोर धरली आणि मी ती घेतली आणि खाल्ली. काकडी चांगली होती. हे मी नंतर कितीतरी वेळा मनात उगाळलं आहे, की घरीच ये म्हणजे काय ते कळल्यावर मी काकडी खाल्ली आणि मला तिची चव लागली.

आई वाडीत सुपारी वेचत होती, तिथेच बसली आणि कलंडली. एवढीच गोष्ट होती. मला ती प्रत्येकाने वेगवेगळी सांगितली, पण त्यात जास्त काही नव्हतं. संध्याकाळ व्हायच्या आत सगळं आटोपलं. स्मशानातून आल्यावर बाबा ओटीवरच्या खांबाला टेकून बसले. ते तसे आधीपासूनच कमी बोलणारे. आई बोलायची, ते हुंकार द्यायचे.

ड्रमर पेणहून मोटरसायकलवर आला होता. इतका वेळ तो लोकांना पाणी देत फिरत होता. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "शुक्रवारचं थांबवू का? मी बोलतो कंपनीशी. ते ऐकतील."

"नको."

"नक्की? पुढच्या महिन्यात करता येईल."

"जाऊ दे. तयार आहे ना ते."

"आहे."

"मग जाऊ दे."

माझी आत्या श्रीवर्धनहून आली होती आणि पुढचे दिवस घर तीच सांभाळणार होती. तिने ते ऐकलं. ड्रमर गेल्यावर ती माझ्याजवळ आली. "घरात सुतक, आणि तू गाणं काढतेस?"

"मी गात नाहीये, आत्या. ते आधीच गाऊन झालंय."

तिला हे उद्धट वाटलं असणार. मला तसं म्हणायचं नव्हतं. पुढे ढकलायचं म्हणजे कुणालातरी कारण सांगायचं, मग त्यांचं बोलणं ऐकायचं, मग पुन्हा नवीन वार ठरवायचा. त्यापेक्षा होय म्हणणं सोपं होतं. त्यामागे दुसरं काही नव्हतं. आईला आवडलं असतं वगैरे मी पुढे लोकांना सांगितलं, पण त्या वेळी तसलं काही माझ्या डोक्यातही नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी न्हाणीघरातून बाहेर आले तेव्हा गाणं बाहेर आलेलं असणार. घरात टीव्ही बंद, रेडिओ बंद. माझा फोन मी माळ्यावर चार्जिंगला लावून ठेवला होता आणि खाली आणलाच नाही. माझ्या हातात असायचा तो आईचा फोन, कारण खोल्यांसाठी विचारणा त्यावर यायच्या. दिवाळीची सुट्टी नुकतीच संपली होती, तरी शनिवार-रविवारचं माणूस असायचंच. "काकू, दोन खोल्या मिळतील का? चार मोठे, दोन मुलं." मी म्हणायचे, "नाही, या महिन्यात बंद आहे." "काकू, आवाज बसलाय का तुमचा?" असं एकाने विचारलं. मी हो म्हटलं.

गाणं चाललंय हे मला भेटायला येणाऱ्या लोकांच्या तोंडावरून कळायला लागलं. आधी मावसभावंडं कोपऱ्यात फोन बघून कुजबुजायची आणि मी आले की गप्प व्हायची. मग बोर्लीहून एक गृहस्थ आले, बाबांच्या ओळखीचे. बाबांजवळ बसले, हात हातात घेतला, वाईट झालं म्हणाले. माझ्याकडे वळले तेव्हा त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अभिनंदन हं! आमची नात दिवसभर तेच लावते." मग त्यांना आपण कुठे बसलोय ते आठवलं. "म्हणजे... वाईटच झालं," असं म्हणून त्यांनी चहा खाली ठेवला. सुतकाच्या घरचा चहा प्यायचा नसतो हेही त्यांना तेव्हाच आठवलं असावं.

नंतर तसे बरेच आले. कुणाकुणाला एकाच वेळी दोन तोंडं करावी लागत होती आणि त्यांना ते जमत नव्हतं. मला त्यांची दया येत नव्हती की रागही येत नव्हता. मी त्यांना पाट द्यायचे, पाणी द्यायचे, बाबांच्या शेजारी बसवायचे. एक मुलगी आईबरोबर आली होती, तिने निघताना हळूच विचारलं, "ताई, एक फोटो?" तिच्या आईने तिच्या पाठीत धपाटा घातला. मी म्हटलं, "काढ." तो फोटो मी पाहिलाय. मी त्यात पांढऱ्या ड्रेसमध्ये आहे, केस ओले, आणि मी हसतेय. अगदी छान हसतेय.

पुढच्या शनिवारी शेजारच्या काकांकडे पाहुणे उतरले. पुण्याहून आलेली पाच-सहा मुलं-मुली. त्यांची वाडी आणि आमची वाडी यांच्यामध्ये नुसतं कुड आहे, काट्याकुट्यांचं. दुपारी जेवण झाल्यावर मी मागे भांडी घासत होते आणि कुडापलीकडून स्पीकरवर गाणं सुरू झालं. पहिल्या गिटारलाच मला कळलं. वाऱ्यामुळे मधले शब्द येत नव्हते, फक्त ढोबळ ठोके आणि माझं ओरडणं.

आत्या आतून आली. "कुणाचा हा धांगडधिंगा? माणूस गेलंय शेजारी, एवढं कळू नये?" तिने माझं गाणं तोवर ऐकलं नव्हतं. तिला ते ओळखू आलं नाही.

"मी सांगते त्यांना," असं म्हणून मी हात पुसत कुडाच्या फटीतून पलीकडे गेले.

एक मुलगी झोपाळ्यावर पडली होती. मी म्हटलं, "जरा बंद करता का? आमच्याकडे मयत झालीय."

ती उडी मारून उठली आणि तिने ते लगेच बंद केलं. "सॉरी, सॉरी. आम्हाला कुणी बोललंच नाही. कोण गेलं?"

"घरातलं माणूस."

ती माझ्याकडे बघत होती. गाण्याच्या व्हिडिओत मी काजळ घातलेली, केस कापलेली होते. इथे तेल लावलेले केस आणि आत्याचा गाऊन. तिने ओळखण्याचं कारणच नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "पण तुम्ही हे गाणं ऐकलंय का? आत्ता सगळीकडे हेच आहे. मी काल रडले ऐकून, खरंच."

"नाही ऐकलं," मी म्हटलं. ते खरं होतं.

"ऐकायचंय?" तिने खिशातून इअरफोन काढले. "बाहेर आवाज नाही येणार."

मी का बसले ते मला सांगता येणार नाही. मागे राखेने माखलेली भांडी पडली होती, आत्या वाट बघत होती. पण मी झोपाळ्याच्या कडेवर बसले आणि तिने एक इअरफोन माझ्या कानात घातला, एक स्वतःच्या. तिने गाणं पहिल्यापासून लावलं. मिक्स उत्तम झाला होता. ड्रम कोरडे आणि जवळ, बेस पोटात लागत होता. माझा आवाज मला नवीन वाटला, कुणा धीट बाईचा वाटला. मुलगी डोळे मिटून मान हलवत होती. मी शेवटाची वाट बघत होते. गिटार थांबते तिथे आईचं "हॅलो" येणार, हे मला माहीत होतं आणि मी दोन्ही हातांनी झोपाळ्याची कडी धरून ठेवली होती.

गिटार थांबली. मग काहीच आलं नाही. एक लांबलेला सूर विरत गेला आणि गाणं संपलं.

"भारी आहे ना?" मुलगी म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "झालं का एवढंच?"

"हो, एवढंच."

मी घरी आले आणि उरलेली भांडी घासली. मग माळ्यावर गेले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझा फोन हातात घेतला. त्यावर इतके मेसेज होते की तो थोडा वेळ नुसताच थरथरत राहिला. मी ड्रमरला फोन लावला.

"आईचा आवाज कुठे गेला?"

तो म्हणाला, "काढला मी. बुधवारी. कंपनीला नवीन फाइल पाठवली."

"का?"

"मला वाटलं, तू कुठेतरी अचानक ऐकशील. बसमध्ये, दुकानात. तुला त्रास होईल." तो घाबरला होता. "तुला विचारणार होतो, पण त्या दिवसांत कसं विचारू? चुकलं का माझं?"

मला रागवायला हवं होतं. मी राग शोधला, खरंच शोधला. तो कुठे नव्हता. मी म्हटलं, "ठीक आहे. फाइल आहे ना तुझ्याकडे?"

"आहे. जुनी पूर्ण आहे."

"ठेव," असं म्हणून मी फोन ठेवला.

त्यानंतर एक-दोन दिवसांत आईच्या फोनवर डोंबिवलीच्या एका बाईंचा फोन आला. त्या दर वर्षी यायच्या, आईची आणि त्यांची चांगली गट्टी होती. मी नेहमीप्रमाणे "बंद आहे" म्हटलं, पण त्यांनी आवाज ओळखला. "तू मुलगी ना? आईला दे बरं जरा. तिला कोकमाचं विचारायचंय."

तोपर्यंत ती बातमी माझ्या तोंडून एकालाही द्यावी लागली नव्हती. सगळ्यांना आधीच कळलेलं असायचं, किंवा काका सांगायचे, किंवा आत्या. शेजारच्या त्या मुलीलासुद्धा मी घरातलं माणूस एवढंच म्हटलं होतं. मी म्हटलं, "आई गेली." माझा आवाज नेहमीसारखा होता. पलीकडे बाई रडायला लागल्या, मोठ्याने, मोकळ्या गळ्याने, आणि मी फोन कानाला धरून उभी राहिले. बराच वेळ त्या रडल्या. मी मध्ये मध्ये हो, हो म्हणत होते. शेवटी त्याच म्हणाल्या, "तू रडलीस की नाही गं?" मी म्हटलं, "झालं रडून." झालं नव्हतं. पण कुणीतरी आईसाठी एवढं रडलं हे बरं झालं, असं मला वाटलं, आणि त्या सगळ्या दिवसांत काही वाटल्याचं मला तेवढंच आठवतं.

दिवस झाले, मी पनवेलला गेले, कामाला लागले. ऑफिसातल्या लोकांनी केक आणला होता, मग कुणीतरी तो कापायचा की नाही यावर चर्चा केली, मग तो तसाच फ्रिजमध्ये राहिला. गाणं वाढतच होतं. कंपनीने आम्हाला मुंबईला बोलावलं. तिथे एक तरुण अधिकारी बाई होत्या, फार अदबीने बोलल्या. त्यांना बोलता बोलता ड्रमरकडून जुन्या फाइलचं कळलं होतं.

"आईंच्या आवाजाचं व्हर्जन आपण काढायला हवं," त्या म्हणाल्या. "तुमची गोष्ट लोकांपर्यंत पोचेल. लोकांना ती जवळची वाटेल. अर्थात, तुमची तयारी असेल तरच."

बाकी तिघं माझ्याकडे बघत होते. मला हो म्हणायला काही अडचण नव्हती. तेव्हा मला कशाचीच अडचण नव्हती. पण मी म्हटलं, "बाबांना विचारते."

त्या रविवारी मी दिवेआगरला गेले. बाबा वाडीत होते. वादळानंतर लावलेल्या पोफळीच्या रोपांना ते पाणी सोडत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून, तो फोन रेकॉर्ड केला तिथपासून. त्यांनी पाट अडवला, हात धुतले, आणि म्हणाले, "ऐकव."

मी हेडफोन त्यांच्या कानावर बसवले. फक्त शेवटचा तुकडा लावला. मला बाहेर काही ऐकू येत नव्हतं, पण कुठे काय आहे ते पाठ होतं. विहिरीकडे येते म्हणते तिथे बाबांनी वळून विहिरीकडे बघितलं. त्यांनी ते दोनदा ऐकलं. मग हेडफोन काढून माझ्या हातात दिले.

"आवाज बारीक आलाय तिचा," म्हणाले. "घरात एवढा बारीक नव्हता."

"फोनवरचा आहे ना."

"हां." त्यांनी एका रोपाजवळची माती पायाने सारखी केली. "हे काढलं तर लोकांना आवडेल?"

"आवडेल. खूप वाजेल."

"कुठे कुठे वाजेल?"

"सगळीकडेच. आत्ता वाजतंय तसं."

"पलीकडे उतरतात ते पण लावतील?"

"लावतील."

"मग मी इथे काम करत असलो की पलीकडून ती बोलेल. मला न सांगता." बाबा एवढं लांब सहसा बोलत नाहीत. ते थांबले, पुन्हा म्हणाले, "मला वाटेल तेव्हा मी ऐकेन. तू मला फोनमध्ये घालून दे. पण असं कुठूनही यायला नको."

मी त्यांच्या फोनमध्ये तो तुकडा घालून दिला आणि कसा लावायचा ते दाखवलं. कंपनीला नाही म्हणून कळवलं. बाई नाराज झाल्या असाव्यात, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. त्याच संध्याकाळी मी ड्रमरला फोन करून सांगितलं, की बुधवारी तू जे केलंस ते बरोबर होतं. तो म्हणाला, "मला झोप लागत नव्हती गं." मी म्हटलं, "आता झोप."

डिसेंबरात अलिबागला समुद्राजवळच्या मैदानावर एक कार्यक्रम होता. त्यात आम्ही शेवटून दुसरे होतो. त्याआधी आम्ही कधी एवढ्या लोकांपुढे वाजवलं नव्हतं. बाबा मला न सांगता आले. दिघीहून तरीत बसून खाडी ओलांडली, पुढे मुरुड, रेवदंडा, असे गाड्या बदलत बदलत. मागे एका खुर्चीवर, अंगात स्वेटर, डोक्याला मफलर. ते मला मंचावरून दिसले ते शेवटच्या गाण्याच्या जरा आधी.

आम्ही ते गाणं सुरू केलं आणि पहिल्या ओळीपासून लोकच म्हणायला लागले. धृपदाला मला गावंच लागलं नाही. हजारो माणसं एकदम म्हणत होती, आवाज येत नाही, तू बोलत राहा. ड्रमर माझ्याकडे बघून रडत होता आणि वाजवत होता. पुढच्या रांगेतल्या मुली रडत होत्या. मी माईक लोकांकडे धरून उभी होते आणि माझ्या मनात येत होतं, की खारी हवा आहे, गिटारच्या तारा उद्या पुसायला हव्यात. एवढंच. मी खोटं सांगत नाही. पण मी स्वच्छ गायले. शेवटी ओरडायचं होतं तिथेही शब्द सोडले नाहीत.

नंतर गर्दीतून बाबांपर्यंत पोचायला वेळ लागला. "कसं झालं?" मी विचारलं.

"चांगलं झालं. शब्द सगळे कळले," ते म्हणाले. मग इकडे तिकडे बघून, "ही सगळी माणसं तुमच्यासाठी आलेली?"

"सगळी नाही. आमच्यानंतर मोठे लोक आहेत."

"तरी पण," ते म्हणाले.

गिटारवाल्याचं घर अलिबागलाच आहे. तिथे मुक्काम करून आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी मुरुडची गाडी पकडली आणि पुढे आगरदांड्याला तरीत बसलो. पाणी शांत होतं. गाड्यांच्या मधल्या जागेत उभं राहून बाबा शेंगदाणे खात होते आणि मलाही देत होते.

"पुढच्या महिन्यापासून खोल्या सुरू करतो," ते म्हणाले.

"जेवणाचं काय करणार?"

"मी करीन. भात, आमटी, एक भाजी. पोळ्या काकांच्या सुनेला सांगू."

"लोक मोदक मागतात, बाबा."

"मोदक नाही म्हणून सांगायचं. ज्यांना मोदकच हवेत त्यांनी दुसरीकडे उतरावं."

ते इतक्या ठामपणे बोलले की मला हसू आलं. तेही जरासे हसले. दिघीचा धक्का जवळ आला तसे गाडीवाल्यांनी इंजिनं सुरू केली. बोर्लीकडे जाणाऱ्या विक्रम रिक्षात जागा लवकर भरते, म्हणून बाबा फळी टेकायच्या आधीच पिशवी घेऊन पुढे जाऊन उभे राहिले. मी माझी गिटार खांद्याला लावली आणि त्यांच्या मागे निघाले.